भाड्याची रक्कम आणि भाडेकरूचे स्थान : शेणवा परिसराच्या संदर्भात ‘स्वयम्’ योजनेची चिकित्सा

सारांश

खाजगी घरात राहणाऱ्या अल्प उत्पन्न गटातील भाडेकरूस थेट आर्थिक साहाय्य देण्याची परंपरा महाराष्ट्रात फारशी नाही. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी २०१६ मध्ये सुरू झालेली ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना’ हा या दृष्टीने महत्त्वाचा अपवाद होय. प्रस्तुत लेखात या योजनेचा विचार शिष्यवृत्ती म्हणून न करता भाडे-साहाय्य म्हणून केला आहे. शासनाने भाड्याची रक्कम देऊ केली, परंतु भाडेकरू म्हणून विद्यार्थ्याला उभे राहण्यासाठी लागणारी अनामत, करार, वेळेवर मिळणारा हप्ता आणि दारात होणारा नकार या बाबींची जबाबदारी मात्र त्याच्यावरच सोडली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : भाडे-साहाय्य, आदिवासी विद्यार्थी, स्वयम् योजना, वसतिगृह, भाडे नियंत्रण, शहापूर, मुरबाड.

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर उरलेल्या ठाणे जिल्ह्यात ग्रामीण आणि आदिवासी लोकवस्तीचा मोठा भाग शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत राहिला. शहापूर तालुक्यातील शेणवा, डोळखांब, किन्हवली आणि मुरबाड तालुक्यातील सरळगाव, टोकावडे हा पट्टा याच भागात येतो. ठाकूर, महादेव कोळी, कातकरी आणि वारली या जमातींच्या वाड्या-पाड्या येथे विखुरलेल्या आहेत. तानसा आणि भातसा ही मुंबईची तहान भागविणारी धरणे याच तालुक्यात असून मध्य रेल्वेचा कसारा मार्गही शहापूर तालुक्यातून जातो. मुरबाड तालुक्यात मात्र रेल्वे पोहोचलेली नाही.

या भागातील मुलाने वा मुलीने बारावी पूर्ण केल्यावर पुढील शिक्षणासाठी शहापूर, मुरबाड, कल्याण, भिवंडी, ठाणे किंवा मुंबई गाठणे क्रमप्राप्त ठरते. पाड्यापासून फाट्यापर्यंतची पायपीट, फाट्यापासून स्थानकापर्यंत एस.टी. वा जीप, तेथून लोकल हा रोजचा प्रवास सर्वांनाच झेपणारा नसतो. कल्याणच्या पुढे कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्यांची संख्या बरीच कमी होते, हेही लक्षात घेतले पाहिजे. अशा वेळी वसतिगृह किंवा भाड्याची खोली हे दोनच पर्याय उरतात. म्हणून येथील उच्च शिक्षणाचा प्रश्न हा बऱ्याच अंशी निवाऱ्याचा प्रश्न आहे. या निवाऱ्यासाठी शासनाने देऊ केलेल्या साहाय्याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गृहधोरणातील भाडेकरू

योजनेकडे वळण्यापूर्वी शासनाने भाडेकरूकडे आजवर कोणत्या दृष्टीने पाहिले, हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. ‘मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७’ या कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले. सामान्यतः १ सप्टेंबर १९४० चे भाडे हे प्रमाण मानून भाडे गोठविण्यात आले. या व्यवस्थेत शासनाच्या तिजोरीतून काहीही जात नव्हते. भाडेकरूला मिळणाऱ्या सवलतीचा संपूर्ण भार घरमालकावर पडत होता. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘मालपे विश्वनाथ आचार्य’ प्रकरणात भाडे अशा रीतीने कायम गोठवून ठेवणे अवाजवी असल्याचे मत नोंदविले. त्यानंतर ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ संमत होऊन ३१ मार्च २००० पासून अमलात आला. या कायद्याने घरमालकाला दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीचा अधिकार दिला.

ग्रामीण भागात शासनाची भूमिका याहून वेगळी होती. तेथे घर म्हणजे स्वतःच्या मालकीचे घरकुल असे समीकरण रूढ झाले. इंदिरा आवास, त्यानंतरची प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण आणि आदिवासींसाठीची शबरी आवास योजना या सर्वांचा गाभा एकच आहे : लाभार्थ्याची जागा असावी आणि त्यावर त्याने घर बांधावे. सपाट प्रदेशातील घरकुलासाठी २०१६ च्या केंद्रीय योजनेत १,२०,००० रुपये ठरविण्यात आले. ज्याच्या पायाखालची जमीनच त्याच्या नावावर नाही, अशा कातकरी कुटुंबाला या समीकरणात शिरताना अडचण येते. जो कामासाठी वा शिक्षणासाठी गाव सोडून भाड्याच्या खोलीत राहतो, त्याला तर या समीकरणात स्थानच नाही. वीटभट्टीवरील झोपडी मालकाने दिलेली असते आणि काम संपले की ती सुटते. भिवंडीच्या गोदामांत काम करणारा तरुण चौघांत एक खोली घेतो. या दोघांच्याही निवाऱ्याची नोंद कोणत्याही गृहयोजनेच्या रकान्यात होत नाही.

केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या गृहसंकुलांची योजना मंजूर केली, जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार अधिनियमाचा मसुदा राज्यांकडे पाठविण्यास मान्यता दिली आणि २०२४ च्या प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० मध्ये भाड्याच्या घरांचा स्वतंत्र घटक ठेवला. या पावलांचे स्वागतच करावे लागेल. तथापि ही सर्व पावले भाड्याच्या घरांचा पुरवठा आणि त्याचे नियमन यांच्याशी निगडित आहेत. भाडे भरण्याची ऐपत नसलेल्या माणसाच्या हाती भाड्यासाठी रोख रक्कम देण्याचा विचार राज्यात प्रत्यक्षात आला तो विद्यार्थ्यांच्या निमित्ताने.

योजनेचे स्वरूप

आदिवासी विकास विभागाने २०१६ मध्ये ‘स्वयम्’ योजना सुरू केली. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ जानेवारी २०१७ मध्ये आली. बारावीनंतरचे शिक्षण घेणारा, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेला, कौटुंबिक उत्पन्न मर्यादेत असलेला आणि ज्या शहरात शिकतो तेथील रहिवासी नसलेला विद्यार्थी ‘स्वयम्’साठी पात्र ठरतो. रक्कम त्याच्या आधार-संलग्न बँक खात्यात जमा होते.

रकमेचे तीन भाग आहेत : भोजन, निवास आणि निर्वाह. मूळ रचनेनुसार मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड व नागपूर या शहरांसाठी वार्षिक ६०,००० रुपये ठरले. त्यांपैकी भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० रुपये होते. इतर महसुली विभागीय शहरे व उर्वरित महानगरपालिका क्षेत्रांसाठी एकूण ५१,००० रुपये असून त्यांत निवासाचा वाटा १५,००० होता. अन्य जिल्हा मुख्यालयांसाठी एकूण ४३,००० आणि निवासाचा वाटा १२,००० रुपये होता. तालुक्याच्या ठिकाणांसाठी ३८,००० रुपयांचा गट पुढील काळात जोडला गेला. त्यात निवासासाठी १०,००० रुपये आहेत.

या तपशिलातील ‘निवास’ हा शब्द लहान असला तरी धोरणाच्या इतिहासात तो महत्त्वाचा आहे. गरीब भाडेकरूच्या भाड्याचा काही भाग ही शासनाची जबाबदारी आहे, हे तत्त्व त्याने मान्य केले. प्रश्न आहे तो हे तत्त्व कोठवर पाळले गेले याचा.

रकमेचा हिशेब

निवासाची वार्षिक रक्कम बारा महिन्यांत विभागली असता मुंबई-ठाण्यासाठी दरमहा सुमारे १,६६७ रुपये, कल्याण-भिवंडीसारख्या महानगरपालिकांसाठी १,२५० रुपये आणि तालुक्याच्या ठिकाणी सुमारे ८३३ रुपये पडतात. या रकमेत ठाण्यात स्वतंत्र खोली मिळणे अशक्य आहे. तीन-चार विद्यार्थ्यांनी मिळून खोली घ्यावी, असे योजनेने न सांगता गृहीत धरलेले दिसते. तसे असल्यास भाड्याचा करार कोणाच्या नावे होणार, एकाने मध्येच शिक्षण सोडले तर त्याचा वाटा कोण भरणार, याचेही उत्तर योजनेकडून अपेक्षित होते.

तुलनेसाठी शासनाचाच दुसरा मापदंड उपलब्ध आहे. सातव्या केंद्रीय वेतन आयोगानंतर केंद्र शासनाने २०१७ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्याचे दर शहरांच्या वर्गानुसार मूळ वेतनाच्या २४, १६ आणि ८ टक्के ठरविले. त्याचबरोबर किमान भत्ता अनुक्रमे ५,४००, ३,६०० आणि १,८०० रुपये दरमहा असावा, असेही निश्चित केले. महागाई भत्ता २५ व ५० टक्क्यांवर गेला की हे दर वाढावेत, अशी तरतूद त्यात होती आणि त्याप्रमाणे ते वाढलेही. म्हणजेच सर्वात कमी वेतनाच्या कर्मचाऱ्यालाही लहान गावात १,८०० रुपयांपेक्षा कमी भाड्यात राहता येणार नाही, असे शासनाने मानले. त्याच सुमारास ठाण्यासारख्या शहरातील आदिवासी विद्यार्थ्यासाठी १,६६७ रुपये पुरेसे मानले गेले. कर्मचारी कुटुंब चालवितो आणि विद्यार्थी एकटा असतो, हे खरे. परंतु त्यामुळे रकमेतील फरक समजून घेता येतो. एका भत्त्याला महागाईशी जोडावे आणि दुसऱ्याला ठोक रुपयांत बांधून ठेवावे, याचे समर्थन त्यातून मिळत नाही.

ठोक रकमेचा परिणाम काळानुसार वाढत जातो. भाडे नियंत्रण अधिनियमाने घरमालकासाठी रास्त मानलेला ४ टक्के वाढीचा दर लावला, तरी २०१६ मधील २०,००० रुपये आठ वर्षांनी २७,३०० रुपयांहून अधिक व्हायला हवेत. प्रत्यक्षात इतर मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये ‘ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना’ जाहीर झाली, तेव्हाही मोठ्या शहरांसाठी तोच ६०,००० चा आकडा आणि निवासासाठी तेच २०,००० रुपये ठेवण्यात आले. सात वर्षांनी नवी योजना आखताना जुनाच आकडा उचलला जातो, यावरून ही रक्कम भाड्याच्या पाहणीतून न येता प्रशासकीय सोयीतून येते, असा निष्कर्ष काढणे वावगे ठरू नये. १९४७ च्या कायद्याने भाडे गोठविले होते. या योजनांनी साहाय्य गोठविले आणि भाडे मोकळे ठेवले. पूर्वीच्या गोठवणुकीची झळ घरमालकाला बसली, आताची झळ विद्यार्थ्याला बसते.

येथे आणखी एक बाब नजरेआड होते. भोजन, निवास आणि निर्वाह हे भाग कागदावर वेगळे असले तरी विद्यार्थ्याच्या खात्यात ते एकच रक्कम म्हणून येतात. घरमालक महिन्याच्या आरंभी दारात उभा राहतो. पोट तसा तगादा लावीत नाही. त्यामुळे निवासाचा भाग अपुरा पडला की तुटीची भरपाई भोजनाच्या भागातून होते. भाडे चुकत नाही, जेवण चुकते. वसतिगृहात शिजणारे अन्न भाड्यापोटी वळविता येत नव्हते. रोख रकमेला असा बांध नाही. वसतिगृहातील भोजनासाठीही रोख रक्कम देण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला, तेव्हा आदिवासी विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध पुण्याहून नाशिककडे मोर्चा काढला होता. त्या विरोधाचा अर्थ या हिशेबाच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होतो.

प्रदेशवर्गाचा प्रश्न

योजनेने शहरांचे वर्ग प्रशासकीय दर्जावरून पाडले. घरभाडे मात्र महानगरपालिकेचा दर्जा पाहून ठरत नाही. ते रेल्वे स्थानकापासूनचे अंतर, पाण्याची सोय आणि रोजगाराची जवळीक यांवरून ठरते. ठाणे आणि कल्याण ही एकाच लोहमार्गावरील, एकाच महानगर प्रदेशातील शहरे आहेत. महाविद्यालय ठाण्यात असल्यास निवासासाठी २०,००० आणि कल्याणमध्ये असल्यास १५,००० रुपये, हा भेद बाजारातील भाड्याच्या अभ्यासावर आधारलेला दिसत नाही.

शेणवा परिसराच्या दृष्टीने याहून गंभीर बाब म्हणजे तालुक्याच्या ठिकाणांना मूळ रचनेत स्थानच नव्हते. डोळखांबकडील पाड्यावरील मुलीने शहापूरच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला, तर तिला निवासाचे साहाय्य नाही. तीच मुलगी ठाण्यास गेली तर आहे, अशी ही रचना होती. घरापासून अधिक दूर जाण्यास बक्षीस आणि जवळ शिकण्यास दंड असा तिचा अर्थ होत होता. मुलींच्या शिक्षणाबाबत पालक अंतराला किती महत्त्व देतात, हे ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. तालुका स्तराचा गट नंतर जोडला गेल्याने ही त्रुटी अंशतः दूर झाली. मात्र त्यासाठी १०,००० रुपये ठरविताना शहापूरसारखे नगरपंचायतीचे गाव महामार्ग आणि उपनगरी रेल्वेमुळे महानगराच्या भाडे-बाजारात ओढले गेले आहे, याची दखल घेतली गेली नाही. राज्यातील दूरच्या तालुक्याचे गाव आणि मुंबईच्या लोकल मार्गालगतचे तालुक्याचे गाव यांना एकच माप लावण्यात आले.

अनामत, करार आणि दार

भाडेकरू होण्यासाठी मासिक भाड्याखेरीज आणखी काही गोष्टी लागतात. पहिली म्हणजे अनामत रक्कम. ती खोलीत पाऊल ठेवण्यापूर्वी द्यावी लागते. योजनेच्या रकमेत अनामतीसाठी स्वतंत्र भाग नाही. शिवाय वसतिगृहात प्रवेश मिळाला नाही, हे निश्चित झाल्यावरच विद्यार्थी पात्र ठरतो. पुढे अर्ज, छाननी आणि मंजुरी असे टप्पे येतात. महाविद्यालय मात्र त्याआधीच सुरू झालेले असते. म्हणजे ज्या महिन्यांत खर्च सर्वाधिक, त्याच महिन्यांत साहाय्य शून्य असते. ही दरी उसनवारीने भरली जाते किंवा विद्यार्थी पहिले सत्र प्रवासात आणि गैरहजेरीत घालवितो. पुढे उपस्थितीची अट आडवी येते ती याच विद्यार्थ्याला.

दुसरी गोष्ट कराराची. १९९९ च्या अधिनियमातील कलम ५५ नुसार भाड्याचा वा अनुज्ञप्तीचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. तसे न केल्यास शिक्षेचीही तरतूद आहे. हा कायदा त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांना लागू होतो, त्यामुळे लहान गावांतील भाडेकरू बहुधा त्याच्या कक्षेबाहेर राहतो. जेथे तो लागू आहे, तेथेही विद्यार्थ्याला दिलेली एक खोली, पोटमाळा किंवा चाळीतील वाढीव भाग यांसाठी नोंदणीचा खर्च करण्यास घरमालक क्वचितच तयार होतो. अशा स्थितीत भाड्याने राहत असल्याचा कागद मागितला गेला, तर तो मिळविण्याची ताकद सर्वात कमी असलेल्या व्यक्तीकडूनच तो मागितला जातो. कायद्याने घरमालकावर टाकलेले ओझे व्यवहारात विद्यार्थ्याच्या खांद्यावर येते.

तिसरी गोष्ट दाराची. खोली रिकामी आहे का, या प्रश्नानंतर गाव कोणते आणि आडनाव काय, हे प्रश्न येतात. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व लगतच्या शहरांतील भाड्याच्या घरांबाबत केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. भाडे देण्याची तयारी असूनही दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना नकार मिळतो, हे त्याने दाखवून दिले. आदिवासी विद्यार्थ्याचा अनुभव त्या अभ्यासाचा विषय नव्हता. तरीही त्यातून एक सर्वसाधारण बोध घेता येतो : खिशातील रक्कम आणि उघडणारे दार यांत सामाजिक अंतर असते आणि रोख हस्तांतरणाने ते आपोआप मिटत नाही.

अन्य देशांतील अनुभव

अमेरिकेत १९७४ च्या कायद्यातील ‘कलम ८’ पासून विकसित झालेल्या भाडे-प्रमाणपत्र व्यवस्थेत कुटुंबाने साधारणपणे उत्पन्नाच्या ३० टक्के रक्कम भाड्यापोटी द्यावी आणि उर्वरित रक्कम ठराविक मर्यादेपर्यंत सार्वजनिक संस्थेने थेट घरमालकास द्यावी, अशी रचना आहे. ही मर्यादा त्या भागातील भाड्यांच्या नियमित पाहणीवरून ठरते. ब्रिटनमध्ये २००८ पासून स्थानिक भाड्याशी निगडित भत्ता आला. २०११ मध्ये त्याचा आधार स्थानिक भाड्यांच्या मध्यकावरून तळाच्या ३० टक्क्यांच्या पातळीवर आणला गेला आणि २०१६ ते २०२० या काळात तो गोठविण्यात आला. त्यातून भाडे आणि भत्ता यांतील तफावत वाढली.

या व्यवस्था निर्दोष नाहीत. अमेरिकेत पात्र कुटुंबांपैकी सुमारे एकचतुर्थांश कुटुंबांनाच संघीय भाडे-साहाय्य मिळते आणि अनेक घरमालक असे भाडेकरू नाकारतात. तरीही दोन बाबी तेथे तत्त्वतः मान्य आहेत. साहाय्याची पातळी प्रत्यक्ष भाड्यावरून ठरली पाहिजे, ही पहिली. साहाय्य घेणाऱ्याला केवळ त्या कारणाने दार बंद होणे हा सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे, ही दुसरी. ‘स्वयम्’च्या रचनेत या दोहोंचा अभाव आहे.

योजनेची दुसरी बाजू

योजनेच्या बाजूने मांडता येणारे मुद्दे दुर्लक्षणीय नाहीत. वसतिगृहांची क्षमता मर्यादित असून नवी इमारत उभी राहण्यास वर्षे लागतात. दरम्यान शिकणारी पिढी थांबत नाही. रोख रकमेमुळे विद्यार्थ्याला महाविद्यालयाजवळ राहण्याचे स्वातंत्र्य मिळते आणि मध्यस्थ टळतात. साहाय्य वाढविले की घरमालक भाडे वाढवितात, असाही आक्षेप घेतला जातो. परंतु एखाद्या शहराच्या भाडे-बाजारात या विद्यार्थ्यांचे प्रमाण इतके अल्प आहे की हा आक्षेप येथे फारसा टिकत नाही.

स्वातंत्र्याचा मुद्दा मात्र अधिक बारकाईने पाहावा लागतो. निवडीचे स्वातंत्र्य तेव्हाच अर्थपूर्ण होते, जेव्हा निवडीसाठी एकाहून अधिक पर्याय आवाक्यात असतात. दरमहा ८३३ किंवा १,६६७ रुपयांत तसे पर्याय नसतील, तर स्वातंत्र्य या शब्दाने केवळ जबाबदारीचे हस्तांतरण झाकले जाते. वसतिगृह बांधणे, चालविणे, त्यातील पाणी व अन्न यांस उत्तरदायी राहणे हे शासनाचे काम होते. गळके छप्पर असेल तर विद्यार्थ्याला गृहपालाकडे, प्रकल्प कार्यालयाकडे दाद मागता येत होती. भाड्याच्या खोलीचे छप्पर गळत असेल तर शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे त्याविषयी बोलण्याचे कारणच उरत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष मांडता येतील. पहिला, ‘स्वयम्’ योजनेने गरीब भाडेकरूच्या भाड्याची जबाबदारी तत्त्वतः स्वीकारली, ही तिची मोलाची कामगिरी होय आणि ती मागे घेतली जाता कामा नये. दुसरा, निवासाची रक्कम स्थानिक भाड्याच्या पाहणीवरून ठरवून ती निर्देशांकाशी जोडणे आवश्यक आहे. ज्या शासनाला कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे जमते, त्याला विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते अशक्य नाही. तिसरा, ठाणे, कल्याण, भिवंडी, शहापूर व मुरबाड यांचा विचार प्रशासकीय दर्जाऐवजी एका भाडे-प्रदेशाच्या अंगाने व्हावा. चौथा, अनामतीसाठी परतफेडीच्या अटीवर आगाऊ रक्कम आणि सत्रारंभीच पहिला हप्ता मिळावा. पाचवा, महाविद्यालय वा प्रकल्प कार्यालय यांनी भाडेकरारात हमीदार म्हणून उभे राहावे. संस्थेचे नाव पाठीशी असले की दार उघडण्याची शक्यता वाढते आणि कागदाचे ओझेही वाटले जाते. या शेवटच्या सूचनेत महाविद्यालयांना स्वतःचा वाटा उचलावा लागेल, कारण गैरहजेरीच्या नोंदवहीत जे नाव सर्वप्रथम दिसते ते त्यांच्याच वर्गातील असते.

शेणव्यापासून ठाण्यापर्यंतचा प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याला शासनाने प्रवासखर्च द्यावा तसे भाडे दिले. भाडे हा महिन्यामागून महिना पाळावयाचा संबंध आहे आणि त्या संबंधात दुबळ्या बाजूला उभे राहणे हे साहाय्याचे प्रयोजन आहे. ते प्रयोजन मान्य झाल्याशिवाय रकमेतील कोणतीही वाढ अपुरीच ठरेल.